भात उत्पादक गटाची विचारबैठक : एक दिशा कशी ठरवावी ?

गट स्थापन होतो, नोंदणी होते, बँकेत खाते उघडले जाते; परंतु दुसऱ्या हंगामात सभासद बैठकीस येईनासे होतात. अशा वेळी पैशाच्या अडचणीइतकेच दुसरेही कारण असते. गट कशासाठी काढला याचे प्रत्येकाच्या मनातील चित्र वेगळे असते आणि ते कधी एकत्र मांडलेलेच नसते. ते मांडण्यासाठी हंगामापूर्वी एक दिवसाची विचारबैठक घेणे फायद्याचे ठरते.

मावळातील गरज

तळेगाव दाभाडेजवळील नवलाख उंबरे परिसरात औद्योगिक वसाहत आली. घरातील तरुण कारखान्यात पाळीवर जातो, लावणीला मजूर मिळत नाहीत आणि खाचरे लहान तुकड्यांत विभागलेली आहेत. दुसऱ्या बाजूने, वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरातून विकसित केलेल्या आणि १९८७ साली प्रसारित झालेल्या ‘इंद्रायणी’ या सुवासिक जातीस शहरात चांगली मागणी आहे. शेती टिकवायची की सोडायची, हा प्रश्न प्रत्येक घर एकेकटे सोडवत आहे. गटाने तो एकत्र बसून पाहावा.

अनुभव काय सांगतो ?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर ग्रामसभेने श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व कुटुंबनियोजन ही बंधने एकमताने स्वीकारली. पुढे पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जाऊ लागला व त्यावरून पिके ठरू लागली. बंधने लोकांनी स्वतः ठरविली, म्हणून ती पाळली गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बैठकीची तयारी

१) बैठक होळीनंतर घ्यावी. रोहिणी नक्षत्रात रोपवाटिका सुरू होण्यापूर्वी बियाणे व खताची जुळवाजुळव करण्यास वेळ मिळतो.
२) कारखान्याची साप्ताहिक सुटी पाहून दिवस ठरवावा.
३) एका वेळी १५ ते २० जण पुरेत. लावणी मुख्यतः महिला करतात. म्हणून त्यांना बोलावणे आवश्यक आहे. प्रथम त्यांचा गट वेगळा बसवावा, म्हणजे त्या मोकळेपणाने बोलतात.
४) बैठक चालविणारा हितसंबंध नसलेला असावा. त्याने कमी बोलावे व सर्वांना बोलते करावे.

बैठकीचे टप्पे

*शिवारफेरी व नकाशा :* सकाळी सर्वांनी खाचरे, ओढा, बांध पाहावेत. परत आल्यावर देवळाच्या किंवा शाळेच्या अंगणात रांगोळीने शिवाराचा नकाशा काढावा. पाणी कोठे साचते, कोणते खाचर पडीक आहे, हे त्यावर दगड व पाने ठेवून दाखवावे.

*पाच वर्षांनंतरचे चित्र :* वयस्कर, महिला व तरुण अशा तीन तुकड्यांनी पाच वर्षांनंतरचे शिवार कागदावर काढावे. चित्र सुबक नसले तरी चालेल. तिन्ही चित्रे शेजारी लावली की मतभेद नेमके कोठे आहेत ते दिसते.

*चिठ्ठ्या :* प्रत्येकाने एक अडचण व एक इच्छा, नाव न घालता लिहावी. लिहिता न येणाऱ्यांनी खूण काढावी. या वेळी कोणाचीही सूचना खोडून काढू नये.

*चिंचोक्यांचे मत :* सारख्या चिठ्ठ्यांचे ढीग करावेत. प्रत्येकास १० चिंचोके देऊन महत्त्वाप्रमाणे ढिगांवर ठेवण्यास सांगावे. ज्या ढिगावर चिंचोके जास्त, तो विषय आधी घ्यावा.

चित्रावरून ठरावाकडे

‘शेती सुधारू’ हा ठराव नव्हे. ठरावात काम, मोजमाप, मुदत व जबाबदार व्यक्ती असावी. उदा. ‘येत्या तीन खरिपांत गटाच्या १० हेक्टरवर इंद्रायणीचे शुद्ध बियाणे वापरून चारसूत्री लागवड करू व तांदूळ एकत्र विकू.’

डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, १५-२५ सें. मी. अंतराने नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची एक युरिया-डीएपी ब्रिकेट खोचणे ही सूत्रे आहेत. यात हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट, म्हणजे सुमारे १७० किलो लागतात. १० हेक्टरला १,७०० किलो झाले. ते कोण आणणार, खुणेची दोरी कोण धरणार, कोणाच्या खाचरात लावणी आधी, हे त्याच दिवशी वहीत लिहावे.

काळजी

जमीन विकण्याचा विचार करणाऱ्यास बैठकीत दोषी धरू नये. तो हक्क मालकाचा आहे. मात्र कोणते खाचर किती वर्षे गटाकडे राहील, हे त्याने स्पष्ट सांगावे. बांध, पाट व यंत्राचा खर्च त्यावर अवलंबून असतो. बहुमताने घाईने ठराव करण्यापेक्षा वादाचा मुद्दा पुढील बैठकीस ठेवावा.

ठराव मोठ्या अक्षरांत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात व मूळ चित्रांसह दर्शनी जागी लावावा. दरवर्षी मळणीनंतर उत्पादन, खर्च व विक्रीचे आकडे त्यासमोर वाचावेत. जे जमले नाही त्याचे कारण शोधून ठराव दुरुस्त करावा. ज्या गटास आपण कोठे जायचे हे माहीत असते, तो एका वाईट हंगामाने मोडत नाही.