व्यालेल्या गाईचा माज का लांबतो?

संकरित गाय दूध भरपूर देते, परंतु व्याल्यापासून चार-चार महिने माजावर येत नाही, ही पशुपालकांची जुनी तक्रार होय. अशा गाईस वांझ ठरवून बाजार दाखविण्यात येतो. वस्तुतः पुष्कळदा दोष गर्भाशयापेक्षा गव्हाणीत असतो.

गाईचा गाभणकाळ सुमारे 280 दिवसांचा. वर्षास एक वासरू मिळावयाचे तर व्याल्यापासून सुमारे 85 दिवसांत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. नेमक्या याच काळात तिच्या शरीरावर सर्वांत मोठा ताण असतो. सहा ते आठ आठवड्यांत दूध कमालीस पोहोचते. भूक मात्र पूर्णपणे खुलण्यास दहा-बारा आठवडे लागतात. मधली तूट गाय अंगावरील चरबी जाळून भरून काढते. दुधातील साखर रक्तातील ग्लुकोजपासूनच बनते, सबब रक्तातील ग्लुकोज व त्याबरोबर इन्सुलिन कमी होते. ही वार्ता मेंदूस पोहोचली म्हणजे त्याच्या तळाशी असलेली पोषग्रंथी स्त्रीबीज सुटण्यास लागणारे संप्रेरक आखडत्या हाताने सोडते. अंडाशयातील पुटिका वाढते, पण फुटत नाही. बीज सुटत नाही आणि माजही दिसत नाही. यात निसर्गाचे चुकते असे नाही. पदरचे वासरू आधी पोसावे, पुढचे नंतर, हाच त्याचा हिशेब.

चरबी फार वेगाने वितळल्यास ती यकृतात साचते, भूक मंदावते व किटोसिस होतो. म्हणून भाकडकाळात गाय अतिलठ्ठ होऊ देणे हे उपाशी ठेवण्याइतकेच वाईट.

पाटणच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पाऊस अतिशय. पावसाळ्यात व्यालेल्या गाईपुढे कोवळ्या गवताचा भारा पडतो. पोट फुगते, पण त्यात पाणीच अधिक. पुढे भाताच्या पेंढ्यावर भागवावे लागते. पेंढ्यात प्रथिने शेकडा तीन-चारच, शिवाय त्यातील ऑक्झलेट अन्नातील चुना बांधून ठेवते. उसाच्या वाढ्यांचीही हीच गत आहे. ही वैरण टाकून द्यावी असे नव्हे. परंतु तिच्या जोडीस मका, संकरित नेपियर किंवा एखादी द्विदल वैरण व पेंड द्यावी.

खुराकाची सवय विण्यापूर्वी तीन आठवडे लावावी. व्याल्यावर तो दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो या बेताने वाढवावा. एकदम वाढविल्यास पोटात आंबतो व गाय खाणेच सोडते. शरीरपोषणासाठी सुमारे दीड किलो व दर अडीच ते तीन लिटर दुधामागे एक किलो, असे प्रमाण ठेवावे. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे.

माज येऊनही तो न कळणे हा दुसरा तोटा. दाव्याला बांधलेल्या गाईच्या अंगावर दुसरी गाय उडताना दिसत नाही. पहाटे व सायंकाळी, दूध काढण्याच्या गडबडीआधी, निरणातून काचेसारखा स्वच्छ सोट लोंबतो काय ते पाहावे व तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहावी. पुढचा माज सुमारे 21 दिवसांनी अपेक्षित असतो. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी रेतन करावे.

साठ दिवसांत माज न दिसल्यास पशुवैद्यकाकडून गर्भाशयाची व अंडाशयाची तपासणी करून घ्यावी. बरगड्या दिसणाऱ्या गाईस माजाचे इंजेक्शन टोचून घेण्याची घाई करू नये. शरीरात शिधा नसता त्याचा उपयोग फारसा होत नाही आणि खर्च मात्र होतो.