करडांची हगवण आणि शरीरातील पाण्याची तूट
(इयत्ता ५ वी ते ७ वी : परिसर-अभ्यास, सामान्य विज्ञान व गणित यांचा संयुक्त पाठ)

पाठाचा हेतू
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी दोन-चार शेळ्या असतात. भूमिहीन मजुराच्या कुटुंबात शेळी हीच काय ती शिल्लक होय. दवाखान्याचा खर्च निघाला, लग्नकार्य आले अथवा मुलाच्या पुढील शिक्षणाची सोय लावावयाची झाली, म्हणजे बोकड विकून गरज भागविली जाते. अशा घरी एक करडू दगावणे ही लहान हानी नव्हे.

घरातील मोठी माणसे सकाळीच रोजमजुरीस निघून जातात. करडांना डालग्याखालून काढणे, आईला पाजणे, पाला घालणे ही कामे बहुधा मुलांकडे असतात. त्यामुळे करडाचे दुखणे प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडते. हगवण लागलेले करडू पुष्कळदा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे मरते. ही तूट ओळखणे व ती भरून काढण्यास वेळीच आरंभ करणे शाळकरी मुलालाही साधण्यासारखे आहे. एवढी एक गोष्ट या पाठातून विद्यार्थ्यांच्या मनावर पक्की बिंबली पाहिजे.

साहित्य
ताणकाटा व कापडी झोळी, एक लिटरचे माप, जलसंजीवनीची (ओआरएसची) पुडी, सुई नसलेली पिचकारी किंवा बूच असलेली दुधाची बाटली, उकळून थंड केलेले पाणी आणि शक्य असल्यास एक निरोगी करडू.

प्रस्तावना
वऱ्हाडात पाळल्या जाणाऱ्या बेरारी शेळीची जात म्हणून अधिकृत नोंद झालेली आहे. तिच्या नवजात करडाचे वजन सुमारे दोन ते अडीच किलो भरते. लहान करडाच्या शरीराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, त्या दिवसांत निरोगी प्राण्याचेही पाणी आटते. मग हगवणीने त्रस्त झालेल्या पिलाची काय कथा! शिक्षकांनी येथे विद्यार्थ्यांना विचारावे : शेळीची लेंडी कशी असते? ती पातळ झाली म्हणजे जास्तीचे पाणी कोठून आले?

कारणे
हगवण हा एकच रोग नव्हे. अनेक रोगांचे ते लक्षण आहे. करडाचे वय पाहिले असता कारणाचा अंदाज बांधता येतो.

(१) जन्मल्यापासून पहिले तीन-चार दिवस : चीक न मिळालेली करडे या काळात जंतूंना लवकर बळी पडतात. शेळीच्या गर्भाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात. म्हणून जन्मल्यावर एक-दोन तासांच्या आत पहिला चीक पाजावा आणि पहिल्या चोवीस तासांत करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात जावा. चीक शिजवून खरवस करण्यापूर्वी करडाचा वाटा प्रथम काढावा.

(२) दुसरा व तिसरा आठवडा : विषाणू व अतिसूक्ष्म परजीवी यांचा उपद्रव या वयात आढळतो. बाटलीने एकदम फार दूध पाजणे, थंड दूध पाजणे, भांडी अस्वच्छ असणे यांनीही पोट बिघडते.

(३) तीन आठवडे ते पाच महिने : ओल्या, दाटीच्या गोठ्यात कॉक्सिडिया नावाचे परजीवी बळावतात, हगवण काळपट किंवा रक्तमिश्रित होते. पोटातील जंत आणि आंत्रविषार हेही याच वयात उद्‌भवतात. पावसाळ्याच्या आरंभी कोवळा चारा भरमसाट खाल्ल्याने आंत्रविषाराला वाव मिळतो. त्याविरुद्धची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घेतात.

हगवणीबरोबर ताप, नाकाडोळ्यांतून स्राव व तोंडात फोड ही लक्षणे दिसल्यास पीपीआर या सांसर्गिक रोगाची शंका धरावी. असे जनावर तत्काळ वेगळे बांधून पशुवैद्यकास कळवावे.

पाण्याची तूट ओळखणे
शिक्षकांनी निरोगी करडाच्या मानेच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती क्षणात पूर्ववत होते. प्रत्येक विद्यार्थ्याकडून ही कृती हळुवारपणे करवून घ्यावी व पुढील गोष्टी फळ्यावर लिहाव्यात :

कातडी लगेच पूर्ववत झाली, करडू उड्या मारते, दूध ओढते : तूट नाही किंवा अल्प आहे.
कातडी पूर्ववत होण्यास दोन ते चार सेकंद लागतात, हिरड्या चिकट लागतात, डोळे किंचित खोल गेले आहेत : वजनाच्या सुमारे सहा ते आठ टक्के पाणी गेले.
कातडी तशीच उभी राहते, डोळे खोल गेले, तोंड गार पडले, करडू उठत नाही : दहा टक्के किंवा अधिक पाणी गेले, प्राण संकटात आहे.

पाणी कसे परतते
आतड्याच्या आतील अस्तरातून मीठ व ग्लुकोज जोडीने रक्तात शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. हगवण चालू असतानाही हा मार्ग बहुतांशी खुला राहतो. नुसते पाणी पाजल्याने क्षार भरून निघत नाहीत.

या तत्त्वाची मोठी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. मोजून पाजण्याचे शिक्षण सामान्य माणसाला मिळाले तर केवढे कार्य होते, हे विद्यार्थ्यांना या उदाहरणावरून समजावून द्यावे.

करडासाठी विशेष सावधगिरी
मुलांना जुलाब झाले असता घरी साखर-मिठाचे पाणी देतात. करडाच्या बाबतीत मात्र भेद आहे. शेळीच्या आतड्यात उसाची साखर पचविणारे पाचक द्रव्य नसते; साखर वा गूळ दिल्यास तो न पचता हगवण वाढू शकते. तांदळाची पेजही थोड्या दिवसांच्या करडाला नीट पचत नाही. म्हणून ग्लुकोज असलेली जलसंजीवनीची पुडीच वापरावी. ही पुडी औषधांच्या दुकानात मिळते. एका लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवावी आणि केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे. उरल्यास फेकून द्यावे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट या बाजूच्या अनेक गावांत विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारट असते. त्यात पुडी घातल्यास क्षारांचे प्रमाण बिघडून अपाय होईल. तेथे पाणीपुरवठा योजनेचे गोडे पाणीच घ्यावे.

गणिताची जोड
उदाहरण : करडाचे वजन ३ किलो असून आठ टक्के तूट झाली आहे. त्याची रोजची साधारण गरज दर किलोस ८० मिलिलिटर धरली, तर चोवीस तासांत किती पाणी द्यावे?

तूट : ३००० ग्रॅमचे ८ टक्के = २४० ग्रॅम, म्हणजे २४० मिलिलिटर.
रोजची गरज : ३ × ८० = २४० मिलिलिटर.
एकूण : ४८० मिलिलिटर. दर तीन तासांनी एकदा, म्हणजे आठ वेळा दिल्यास प्रत्येक वेळी ६० मिलिलिटर.

हगवण चालूच राहिल्यास यात आणखी भर घालावी लागते. वजनासाठी करडू झोळीत ठेवून ताणकाट्याने तोलावे व झोळीचे वजन वजा करावे.

पाजण्याची रीत
प्रथम करडाच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावे. तोंड उबदार असून करडू बोट चोखीत असेल तरच पाजावे. त्याला उभे धरून, मान न उंचावता, गालाच्या बाजूने कोमट पाणी थोडेथोडे सोडावे. चोखत वा गिळत नसलेल्या करडाच्या घशात पाणी ओतल्यास ते फुप्फुसांत जाऊन मृत्यू ओढवतो. तोंड गार असेल तर करडाला कोरड्या पोत्यात गुंडाळून, कोमट पाण्याची बाटली कापडात बांधून जवळ ठेवावी आणि विलंब न करता पशुवैद्यकास बोलवावे. अशा करडाला शिरेतून सलाइन द्यावे लागते.

आईचे दूध बंद करू नये. दूध तोडल्याने करडू अधिक अशक्त होते. मात्र जलसंजीवनी दुधात मिसळू नये. दोहोंमध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. माणसांची जुलाब थांबविण्याची गोळी, उरलेले प्रतिजैविक औषध किंवा कोणी सांगितलेली भुकटी मुलांनी देऊ नये. रक्तमिश्रित हगवण, ताप, पोटफुगी, अनेक करडे एकाच वेळी आजारी पडणे, अथवा एका दिवसात सुधारणा न दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

स्वच्छता
आजारी करडू वेगळे, कोरड्या व सावलीच्या जागी ठेवावे. डालग्याखालची माती रोज झाडून कोरडी राख किंवा चुना पसरावा. पाण्याचे भांडे उंचावर ठेवावे, म्हणजे त्यात लेंड्या पडत नाहीत. हगवणीतील काही जंतू व परजीवी माणसालाही बाधतात. म्हणून करडाला हाताळल्यावर साबणाने हात धुतल्यावाचून कोणीही भाकरीला हात लावू नये. धाकट्या भावंडांना आजारी करडाशी खेळू देऊ नये.

प्रश्न
१. चीक किती वेळाच्या आत पाजावा? का?
२. करडाला साखर-मिठाचे पाणी का देऊ नये?
३. खारपाणपट्ट्यात जलसंजीवनी करताना कोणती दक्षता घ्यावी?
४. साडेचार किलो वजनाच्या करडात सहा टक्के तूट झाली आहे. केवळ तूट भरण्यास किती मिलिलिटर पाणी लागेल?

घरचे काम
प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घरच्या एका करडाचे वजन, चिमटीची परीक्षा व लेंडीचे स्वरूप आठवडाभर वहीत नोंदवावे. पाठातील तीन खुणा घरातील आईवडील व आजी यांना समजावून सांगाव्यात. शिक्षकांनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ व दूरध्वनी क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. निरक्षर पालकांना तो वाचून दाखविण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे.