गृहिणीचा अस्थिभंग आणि घरचा आहार

गेल्या पावसाळ्यात बेळगावी आमच्या सौभाग्यवतीचे उजवे मनगट मोडले. डॉक्टरांनी 6 आठवड्यांचे प्लॅस्टर घातले व आहार पौष्टिक ठेवण्यास सांगितले. धान्याच्या व्यापारात आमचा जन्म गेला. परंतु घरच्या ताटात कोणास किती पडते, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की, सर्वांमागून जेवणाऱ्या गृहिणीच्या वाट्यास भात आणि वरणाचे पाणीच तेवढे उरते.

हाड सांधताना प्रथम प्रथिनांचे जाळे विणले जाते. कॅल्शियम त्यावर बसते. म्हणून नुसते दूध वाढवून भागत नाही. 50 किलो वजनाच्या व्यक्तीस दिवसाकाठी निदान 50 ग्रॅम प्रथिने हवीत. 100 ग्रॅम मूगडाळीत ती सुमारे 24 ग्रॅम असतात. नाचणीत कॅल्शियम दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तेव्हा सकाळी कोवळ्या उन्हात बसून ताकातील नाचणीची आंबील आणि दुपारी घट्ट वरण, असा क्रम ठरला. द्विदलाचा दोषही आपोआप टळला. सूर्यास्तानंतर जेवण नसल्याने रात्रीचे अंतर मोठे पडते, म्हणून 4 वाजता तिळाचा लाडू व दूध, आणि दिवेलागणीपूर्वी पनीर-भाकरी.

अडचण निराळीच निघाली. आमच्या आधी ताट घेण्यास ती राजी होईना. अखेर दुपारी दुकान बंद करून आम्हीच वाढू लागलो. डाव्या हाताने जेवताना कोणी पाहिलेले तिला रुचत नसे. तेव्हा वाढून झाले की आम्ही पाठ फिरवून बसत असू.