निवडक संस्थांतील प्रवेश : आपल्या संधीचे मोजमाप

नामांकित शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळण्याची आपली शक्यता किती, हा प्रश्न दरवर्षी लाखो विद्यार्थ्यांपुढे उभा राहतो. त्याच्या चुकीच्या उत्तराची किंमत मोठी असते. अवास्तव आशेपोटी एक वर्ष आणि कुटुंबाची बचत खर्ची पडते. उलटपक्षी, अकारण निराशेमुळे मिळू शकणारी जागा पसंतीच्या यादीत लिहिलीच जात नाही. संधीचा अंदाज ही नशिबाची बाब नसून हिशेबाची बाब आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या (आयआयटी) प्रवेशाच्या आधारे हा हिशेब समजून घेऊ.

छेद बदलला की उत्तर बदलते

२०२४ मध्ये जेईई मेन ही परीक्षा सुमारे १४ लाख विद्यार्थ्यांनी दिली. त्यांतील वरच्या अडीच लाखांना जेईई अ‍ॅडव्हान्स्डसाठी पात्र ठरविण्याची तरतूद होती. प्रत्यक्षात तिच्या दोन्ही प्रश्नपत्रिका १,८०,२०० विद्यार्थ्यांनी सोडविल्या, ४८,२४८ उत्तीर्ण झाले आणि २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०.

आता संधी किती? मेन देणाऱ्यांत ८० जणांमागे एक; अ‍ॅडव्हान्स्ड देणाऱ्यांत दहांमागे एक; उत्तीर्णांत आठांमागे सुमारे तीन. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण अंश तोच असून केवळ छेद बदलला आहे. यातून दोन बोध मिळतात. एक, उत्तीर्ण होणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. दोन, यांपैकी कोणतेही गुणोत्तर एका विशिष्ट विद्यार्थ्याची संधी सांगत नाही. ती समूहाची सरासरी होय.

शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत तर केवळ अंश असतो. यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे झळकतात. एकूण किती जणांनी प्रवेश घेतला होता, हे बहुधा सांगितले जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. तरीही ‘एकूण किती जणांपैकी?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः विचारलाच पाहिजे.

गुण नव्हे, गुणानुक्रमांक

प्रवेश गुणांवर नव्हे, तर गुणानुक्रमांकावर मिळतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत २०२४ च्या सुधारित निकालानुसार १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये मात्र देशातील सर्वोच्च गुण ६८६ होते. म्हणजे एका वर्षी देशात पहिला क्रमांक मिळवून देणारे गुण आदल्या वर्षी बरेच मागे टाकणारे ठरले असते. म्हणून गतवर्षीच्या गुणांशी आपल्या गुणांची तुलना फसवी असते.

पर्सेंटाइलचा अर्थही नीट लक्षात घ्यावा. ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत; आपल्या पुढे सुमारे एक टक्का परीक्षार्थी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. १४ लाखांत हा एक टक्का म्हणजे सुमारे १४ हजार विद्यार्थी होतात.

अंतिम क्रमांक कसा वाचावा?

एखाद्या शाखेत ज्या क्रमांकावर प्रवेश थांबतो, तो तिचा अंतिम क्रमांक. तो वाचताना चार गोष्टी पाहाव्यात : प्रवर्ग, जागेचा प्रकार, गृहराज्य आणि फेरी. राखीव प्रवर्गांचे अंतिम क्रमांक त्या त्या प्रवर्गातील गुणानुक्रमांकानुसार दिलेले असतात. त्यांची तुलना सामाईक क्रमांकाशी करू नये. मुलींसाठीच्या जागांचे आकडे वेगळे असतात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत (एनआयटी) निम्म्या जागा गृहराज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. पहिल्या फेरीचा आकडा पाहून निराश होऊ नये. शेवटच्या फेरीचा पाहावा.

एकाच वर्षाच्या आकड्यावरही विसंबू नये. समजा, एखाद्या शाखेचा अंतिम क्रमांक तीन वर्षांत ३,९००, ४,२०० आणि ४,६५० असा राहिला. तर ३,५०० क्रमांकाच्या विद्यार्थ्याची संधी भक्कम, ४,३०० क्रमांकाच्या विद्यार्थ्याची अनिश्चित आणि ५,५०० क्रमांकाच्या विद्यार्थ्याची अत्यल्प मानावी. जागांच्या संख्येत मोठा बदल झाल्यास हा पट्टा सरकतो, याचेही भान ठेवावे.

पाच अर्ज म्हणजे पाच संधी नव्हेत

प्रत्येकी २० टक्के संधी असलेल्या पाच ठिकाणी अर्ज केल्यास निदान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची संभाव्यता सुमारे ६७ टक्के येते. हे गणित बरोबर आहे; मात्र पाचही निर्णय परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच. एकाच परीक्षेच्या क्रमांकावर पाचही प्रवेश ठरत असतील, तर क्रमांक घसरताच पाचही दारे एकदम बंद होतात. तेथे यादीतील सर्वांत सुलभ पर्यायाची संधी हीच एकूण संधी. म्हणून एकाच पातळीची दहा नावे लिहिण्यापेक्षा यादीत आकांक्षेचे, आवाक्यातील आणि खात्रीचे असे तिन्ही प्रकारचे पर्याय असावेत. वेगळ्या परीक्षेवर आधारलेला एखादा पर्यायही हाताशी ठेवावा.

पसंतीक्रम प्रामाणिक असावा

आयआयटी, एनआयटी आदी संस्थांचे संयुक्त जागावाटप २०१५ पासून ‘जोसा’ या मंडळामार्फत होते. त्यामागील तत्त्व डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडले. शॅप्ली व अ‍ॅल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच विषयातील कार्यासाठी मिळाले. या पद्धतीत दुष्प्राप्य संस्थेचे नाव प्रथम लिहिल्याने खालच्या पर्यायांवरील हक्क कमी होत नाही. त्यामुळे मिळण्याच्या शक्यतेनुसार नव्हे, तर खऱ्या आवडीनुसार क्रम लावावा. मात्र सर्वच प्रवेशप्रक्रियांचे नियम असे नसतात. आपल्या प्रक्रियेची माहितीपुस्तिका आधी वाचावी.

पुन्हा परीक्षा द्यावी का?

जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या वर्षांत दोनदाच देता येते. दुसऱ्या प्रयत्नाचा खर्च केवळ शिकवणीच्या शुल्काइतका नसतो. अभ्यासक्रम वर्षभर लांबल्याने कमाईचे एक वर्षही पुढे ढकलले जाते. क्रमांक अनिश्चित पट्ट्याच्या जवळ असेल आणि उणिवा नेमक्या ठाऊक असतील, तर हा खर्च समर्थनीय ठरू शकतो. अंतर फार मोठे असेल, तर हाती आलेली चांगली जागा स्वीकारणे अधिक शहाणपणाचे.

संभाव्यता म्हणजे भाकीत नव्हे आणि गुणवत्तेचा निवाडा तर मुळीच नव्हे. जागा मर्यादित असल्याने अनेक गुणवंतांना बाहेर राहावे लागते. आपली संधी आकड्यांतून तपासणारा विद्यार्थी निकालाने कोलमडत नाही. पुढचे पाऊल कोठे टाकायचे, हे त्याने आधीच ठरविलेले असते.