शेअर बाजार आणि परदेशी गुंतवणूक : बाजारातलं पाल आणि पक्कं दुकान



"परदेशी गुंतवणूकदारांनी पैसा काढला, सेन्सेक्स कोसळला" अशी बातमी आली की आपल्या मुळशीत काळजी सुरू होते. अनेकांच्या घरातलं कोणी ना कोणी हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये कामाला आहे. मुलंही विचारतात, "बाजार पडला म्हणजे कंपनी बंद होणार का?" उत्तर देण्याआधी परदेशी पैशाचे दोन प्रकार समजून घेऊ.

१) शेअरमधली गुंतवणूक : आठवडे बाजारात पाल ठोकून बसलेला व्यापारी गिऱ्हाईक नसेल तर लवकर गाशा गुंडाळतो. शेअर घेणाऱ्या परदेशी संस्थांचंही तसंच असतं. भारताने त्यांना १९९२ मध्ये आपल्या बाजारात प्रवेश दिला. बाजार चढू लागला की त्या येतात आणि पडू लागला की विकून जातात. त्यांच्या विक्रीने भाव आणखी उतरतात. जाताना त्या रुपये देऊन डॉलर नेतात, त्यामुळे रुपयाही घसरतो.

२) थेट गुंतवणूक : हे पक्कं दुकान. परदेशी कंपनी जागा घेते, कारखाना बांधते, माणसं नेमते. ती एका दिवसात उठून जात नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण पाहा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २०,००० च्या वर होता. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बुडाली. परदेशी संस्थांना मायदेशी रोकड हवी होती, म्हणून त्यांनी इथले शेअर विकले. ऑक्टोबरमध्ये सेन्सेक्स ९,००० च्या खाली आला. पण त्याच काळात चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहत होता. ३१ मार्च २००९ रोजी त्याचं उद्घाटन झालं. कारण कारखाना काढणारा आजचा भाव बघत नाही. तो रस्ते, वीज, कुशल कामगार आणि पुढच्या वीस वर्षांची मागणी बघतो.

मग दोन्हींचा संबंधच नाही का? आहे. बाजार दीर्घकाळ मंद राहिला तर कंपन्यांना भांडवल मिळणं अवघड होतं आणि नवे प्रकल्प लांबणीवर पडतात. हिंजवडीतलं काम मात्र सेन्सेक्सपेक्षा अमेरिका-युरोपातून येणाऱ्या कामावर जास्त अवलंबून आहे.

विकसनशील देशाला खरा आधार घरच्या बचतीचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी संस्थांनी ९०,००० कोटींहून अधिक रुपयांचे शेअर विकले. त्याच महिन्यात सामान्य लोकांनी एसआयपीतून २५,००० कोटींहून अधिक रुपये भरले. बाजार उतरला, पण २००८ सारखा कोसळला नाही.

मुलांना विचारा :
• पाल आणि पक्कं दुकान, गावाला रोजगार कशातून जास्त मिळेल? का?
• सगळे व्यापारी बाहेरगावचेच असतील तर बाजाराचं काय होईल?
• आपल्या परिसरातला एक कारखाना निवडा. तो इथेच का आला असेल?