रेल्वेमंत्र्यांचे उत्तर

यंदा युवा संसदेत मला रेल्वेमंत्री केले, तेव्हा वाटले की सोपे खाते मिळाले. सुट्टीला घरी जाताना आणि परत येताना माझ्या दोन-दोन रात्री स्लीपरच्या डब्यातच जातात, म्हणजे विषय ओळखीचा. विरोधी बाकांवरच्या आठ कॅडेटनी आपापल्या गावची गाऱ्हाणी लिहून दिली. कोणाला थांबा हवा होता, कोणाच्या स्टेशनवर फलाट बुटका होता, कोणाकडे रूळ ओलांडायला पूल नव्हता. मी आठही जणांना मिळून एकच वाक्य लिहिले : ‘सदस्यांच्या सूचना विचाराधीन आहेत.’

नागरिकशास्त्राच्या सरांनी ते वाचले आणि म्हणाले, “मंत्रीमहोदय, आपण आठ आश्वासने देऊन बसलात.”

मला ते वाक्य सुरक्षित वाटले होते. पण लोकसभेत शासकीय आश्वासन समिती असते. मंत्री सभागृहात जे आश्वासन देतात ते पुरे झाले की नाही, हे ती तपासते आणि ते साधारणपणे तीन महिन्यांत पुरे व्हावे अशी अपेक्षा असते. ‘विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालतो’ ही वाक्येसुद्धा आश्वासनातच धरतात. गुळमुळीत बोलून सुटता येत नाही.

खासदारांकडे दुसरी साधनेही आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावे लागते. लोकसभेत दिवसाला असे 20 प्रश्न यादीत असतात. छापील उत्तर खात्याचे अधिकारी तयार करून देतात, पण त्यानंतरच्या पूरक प्रश्नांना मंत्र्यालाच उभे राहावे लागते. मला सर्वांत गंमत वाटली ती कपात सूचनेची. ‘या मागणीतून 100 रुपये कमी करा’ असे खासदार मांडतो. त्याला शंभर रुपये वाचवायचे नसतात, त्या निमित्ताने एखादी नेमकी तक्रार बोलायची असते.

मग सरांनी मला मधु दंडवते यांच्याबद्दल वाचायला लावले. माझे गाव राजापूर तालुक्यात, आणि दंडवते 1971 पासून सलग पाच वेळा राजापूरचे खासदार. मला फक्त नाव माहीत होते! ते मुंबईत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. विरोधी बाकांवर बसून प्रश्न विचारणारा हा माणूस मार्च 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाला आणि आता उत्तरे त्याला द्यायची होती. तेव्हा रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडत (2017 पासून तो मुख्य अर्थसंकल्पात आला). त्यावरच्या चर्चेत देशभरचे खासदार आपापल्या भागाचे मागणे मांडत आणि शेवटी मंत्री उत्तर देत.

1974 मध्ये तिसरा वर्ग नावापुरता गेला होता, पण दुसऱ्या वर्गात झोपायला लाकडी फळ्याच होत्या. दंडवत्यांनी त्यांवर दोन इंच फोम घालायला सुरुवात केली. पहिला वर्ग खाली आणायचा नाही, दुसरा वर आणायचा, अशी त्यांची भूमिका होती. 26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तीत पहिला वर्गच नव्हता. 1974 च्या संपात काढून टाकलेल्या कामगारांनाही त्यांनी परत घेतले.

मी आजोबांना फोन केला. ते त्या काळात सैन्यात होते. रजा संपवून परत जाताना फळीवर वळकटी पसरायची आणि उशाला कुळथाच्या पिठाची पिशवी घ्यायची. म्हणाले, “दोन इंच तुला कमी वाटतात, कारण तू फळीवर झोपला नाहीस.”

एक गोष्ट मात्र मला टोचली. दंडवते रेल्वेमंत्री असताना राजापूरला रेल्वे आली नाही. ते जुलै 1979 पर्यंत मंत्री होते. कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झाले, तेव्हा ते अर्थमंत्री होते, आणि पूर्ण मार्ग खुला झाला 1998 च्या जानेवारीत. म्हणजे त्यांच्या मतदारांनी वीस वर्षे वाट पाहिली. आजोबांची याबद्दल तक्रार नाही. आजीची आहे, कारण एसटीत तिला गाडी लागायची.

मी उत्तर पुन्हा लिहिले, आठ जणांना आठ उत्तरे. तिघांना ‘होय’, एकाला ‘चौकशी करून सभागृहाला सांगेन’, आणि चौघांना ‘या वर्षी नाही’ आणि त्याचे कारण. पैसे कुठे खर्च होणार तेही सांगितले. ‘नाही’ म्हणताना माझे पाय कापत होते, परेडलासुद्धा असे होत नाही.

पूल मागणारा बिहारचा कॅडेट लगेच उठला. “पूरक प्रश्न. या वर्षी नाही, तर कोणत्या वर्षी?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. तसे मी सांगितले. सभागृहात हशा झाला आणि आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे हाउस कॅप्टनने, पुढचा प्रश्न पुकारला. रात्री मेसमध्ये त्या कॅडेटने मला गाठले आणि वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढून त्याची बहीण शाळेला जाताना रूळ कुठून ओलांडते ते दाखवले.