रानातून जाणारा रस्ता

नागपूरहून उत्तरेस सिवनीकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 मनसर व देवलापार ही गावे मागे टाकून मध्य प्रदेशाच्या सीमेकडे वळतो, तेव्हा तो पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यातून जात असतो. येथे हा रस्ता मधूनमधून जमिनीपासून वर उचललेला दिसतो. काही पुलांखालून ओढे वाहतात. परंतु काहींच्या खाली पाणी नाही आणि लोहमार्गही नाही. मग हे पूल कोणासाठी बांधले असतील? ते बांधले आहेत रानातील पशूंसाठी. महाराष्ट्रातील या पट्ट्यात पशूंना ये-जा करता यावी म्हणून अशा 9 वाटा ठेविल्या असून त्यांपैकी सर्वांत लांब वाट 750 मीटर आहे. डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी 2019 साली या पुलांखाली आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे लाविले, तेव्हा 18 जातींचे वन्य प्राणी त्या वाटांनी जाताना आढळले. त्यांत चितळ, रानडुक्कर होते, तसा वाघही होता. वरून मालमोटारी धावत आहेत आणि खालून वाघ शांतपणे चालला आहे, असे ते दृश्य!

परंतु अशी सोय फार थोड्या रस्त्यांना लाभली आहे. गावाहून गावाला जाणाऱ्या साध्या रानरस्त्यांवर माणूस आणि पशू यांची वाट एकच असते. या रस्त्यांवरून शेतकरी, शिक्षक, दूधवाले पहाटे व सायंकाळी मोटारसायकलीवरून ये-जा करतात. मोटारीत बसलेल्या मनुष्याभोवती पत्र्याचे कवच तरी असते. मोटारसायकलस्वाराला आधार काय तो दोन चाकांच्या तोलाचा. विदर्भात जिला रोही म्हणतात त्या नीलगाईचा पूर्ण वाढलेला नर 200 किलोग्रॅमपर्यंत, कधी त्याहूनही अधिक भरतो. साधी मोटारसायकलसुद्धा इतकी जड नसते. अशा दोघांची टक्कर झाली तर काय होईल, ते निराळे सांगावयास नको. इतकेच कशाला, एखादा ससा चाकाखाली आला तरी तोल जाण्यास तेवढे पुरते.

पशू रस्त्यावर येतात ते काही उगाच नव्हे. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला कोवळे गवत उगवते, ते चरावयास चितळांचे कळप येतात. हिवाळ्यात हरभरा व गहू शेतात डोलू लागला म्हणजे रोही आणि रानडुकरे रात्री शेताकडे निघतात व उजाडण्यापूर्वी रानात परततात. उन्हाळ्याच्या आरंभी मोहाची फुले टपटप गळू लागली की अस्वले त्या झाडांखाली जमतात. पुढे रानातले ओढे आटले म्हणजे उरलेल्या पाणवठ्याकडे सर्वांचीच रीघ लागते. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. जेथे रस्ता ओढा ओलांडतो, जेथे एका बाजूला रान व दुसऱ्या बाजूला उभे पीक असते, किंवा जेथे मोहाचे झाड रस्त्यावर वाकलेले असते, तेथे पशू आडवा येण्याचा संभव अधिक. हरणाचे चित्र असलेला त्रिकोणी फलक अशाच ठिकाणी लाविलेला असतो. वेळ म्हणाल तर सूर्यास्ताच्या सुमाराची आणि पहाटेची. नेमक्या याच वेळी माणसाची दृष्टीही अंधूक झालेली असते.

अंधारात हरणाचे किंवा मांजराचे डोळे दिव्यासमोर चमकतात, हे तुम्ही पाहिले असेल. त्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूस आरशासारखा एक पडदा असतो. तो प्रकाश परत फिरवितो. म्हणून दूरवर दोन ठिपके लकाकताना दिसताच वेग कमी करावा. परंतु केवळ या ठिपक्यांवर विसंबून राहू नये. कारण रानडुकराच्या डोळ्यांत हा पडदा नसतो. त्याचे अंगही काळपट असते. ते अगदी जवळ येईपर्यंत अंधाराचाच एक तुकडा वाटते.

आता वेगाचा हिशेब पाहू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. पशू दिसल्यापासून हात ब्रेकवर आवळेपर्यंत बहुधा एक सेकंद जातो. तेवढ्यात हे 17 मीटर संपलेले असतात. त्यानंतर रस्ता कोरडा व ब्रेक चांगले असले तरी गाडी थांबण्यास आणखी सुमारे 23 मीटर लागतात. म्हणजे एकूण 40 मीटर. हाच वेग ताशी 40 किलोमीटर असेल तर सुमारे 21 मीटर पुरतात, आणि 80 असेल तर 63 मीटरही थोडे पडतील! वेग दुप्पट झाला की केवळ ब्रेकसाठी लागणारे अंतर चौपट होते. रस्ता ओला असेल तर ते आणखी वाढते.

म्हणून रात्रीच्या प्रवासाचा नियम एकच: दिव्याच्या उजेडात जितका रस्ता दिसतो, तितक्यातच गाडी थांबविता आली पाहिजे. हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे, व ती मागे बसलेल्या मुलालाही साधेल. उजेडाच्या टोकाशी एखादा दगड किंवा झाड दिसताच सावकाश ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असे मोजावे. ‘एकशे तीन’ म्हणून होण्यापूर्वीच गाडी त्या झाडापाशी पोहोचली, तर वेग जास्त आहे असे समजावे. अशा वेळी “बाबा, जरा हळू” असे म्हणावयास मुलाने संकोच करू नये. मागे बसणाऱ्याला हँडल सांभाळावयाचे नसते. रस्त्याच्या दोन्ही कडांकडे पाहण्यास त्याचे डोळे मोकळे असतात. शिरस्त्राण मात्र दोघांच्याही डोक्यावर हवे. पगडी बांधणारे शीख वगळता, चार वर्षांवरील प्रत्येकाने मोटारसायकलीवर ते घातलेच पाहिजे असा कायदा आहे. खेड्यापाड्यांतून पुढच्याने हेल्मेट घालावयाचे व मागे बसलेल्या पोराने उघड्या डोक्याने जावयाचे, ही रीत अजून दिसते. ती का चालू राहावी, हे समजत नाही. पडताना डांबर कोणाचे वय विचारीत नाही.

पशू समोर आलाच तर? घाबरलेला स्वार हँडल एकदम वळवितो, आणि पुष्कळदा घात होतो तो यानेच. टायरची जमिनीवरची पकड ठरावीक असते. ती ब्रेकसाठीही लागते आणि वळण्यासाठीही. दोन्ही गोष्टी एकदम केल्या की ती अपुरी पडते व चाक घसरते. शिवाय हरीण कोणत्या बाजूला उडी घेईल, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते! म्हणून गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक क्रमाक्रमाने आवळावे. हाताच्या म्हणजे पुढच्या ब्रेकची पुष्कळांना भीती वाटते. परंतु गाडी थांबविण्याचे मोठे काम तोच करतो, कारण वेग मंदावताना सारा भार पुढच्या चाकावर येतो. तो झटक्याने मात्र ओढू नये.

पशू दूर असेल तर थांबावे आणि दिव्याचा झोत खाली करावा. प्रखर प्रकाशाने त्याचे डोळे दिपतात व तो जागच्या जागी खिळतो. कर्णा वाजवीत राहिल्यास तो बिथरून गाडीच्याच अंगावर येण्याचा संभव असतो. तो रस्ता ओलांडून गेला तरी लगेच निघू नये. चितळे कळपाने हिंडतात. पुढची मादी गेली की मागून पाडस येते, आणि त्याच्यामागून आणखी कोणी.

एवढे करूनही अपघात झालाच, तर प्रथम मागून येणाऱ्या वाहनांना दिवा दाखवून सावध करावे. कोणी जखमी असेल तर 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध पडलेल्या स्वाराचे हेल्मेट ओढून काढू नये. त्याच्या मानेला इजा झालेली असू शकते. घायाळ पशूच्या जवळ जाऊ नये. वेदनेने व्याकूळ झालेले हरीणही खुरांनी व शिंगांनी मोठी इजा करते, मग रानडुकराची गोष्ट काय सांगावी? महाराष्ट्राच्या वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे व ठिकाण नीट सांगावे. त्यासाठी रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा वाचून ठेवावा.